सव्वा मीटर

रस्ता रुंद करायचा होता आणि नवी हद्द कुठून जाते ते मोजून द्यायचं काम माझ्याकडे होतं. पाच दिवसांचा मुक्काम. वळणावर चार खोल्यांचं एक गेस्ट हाऊस होतं, तिथेच उतरलो. पहिल्याच दुपारी मोजलं, तर हद्द नेमकी त्याच घराच्या पुढच्या खोलीतून जात होती. सव्वा मीटर आत. म्हणजे पुढची भिंत पाडावी लागणार, भिंतीबरोबर जिना. मग वरच्या दोन खोल्या असून नसल्यासारख्या.

संध्याकाळी मालकिणीला सांगून टाकलं. किटलीवरचा तिचा हात क्षणभर थांबला.

"चूक तर नाही ना?"

"दोनदा मोजलंय."

"मग तसंच लिहा. चहा अजून घ्याल?"

अशा वेळी आजवर मी शिव्या खाल्ल्या होत्या. चहा पहिल्यांदाच मिळाला.

ती माणसंच निराळी होती. मालकीण विधवा, मालक विधुर, लग्नाला दोन वर्षं झालेली. तिची मुलगी आठ वर्षांची, त्याची सोळाची. आणि सोबत मालकिणीच्या पहिल्या नवऱ्याची आई. "सुनेच्या नवऱ्याला काय म्हणायचं ते मला कुणी शिकवलंच नाही," म्हातारी म्हणाली, "म्हणून जावई म्हणते. स्वयंपाक माझ्याहून बरा करतो, तेव्हा चालवून घेते." दोघी मुली चादरीची दोन-दोन टोकं धरून घडी घालत एकमेकींकडे चालत यायच्या आणि मध्यावर न चुकता हसायच्या. जेवायचा बाक चौघांचा. त्यावर ते पाच जण बसत, आणि मी सहावा आलो तर कुणी मान वर न करता सगळे सरकले.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी बशा किणकिणल्या. जड ट्रक गेला असावा म्हणून खिडकीतून पाहिलं. रस्ता रिकामा होता. पाचही जणांचे हात थांबले होते. मग मालकाने तव्यावरचं ऑम्लेट उलटलं.

त्या दिवशी माप एक मीटरच भरलं.

टेप बदलली. यंत्र तपासलं. चौकातल्या हद्दीच्या जुन्या दगडापासून सगळं पुन्हा मोजलं. माझ्या खुंट्या जागच्या जागी होत्या. तिसऱ्या दिवशी बशा पुन्हा वाजल्या आणि माप साठ सेंटिमीटरवर आलं. मागे जाऊन कुंपणापर्यंत मोजलं, तर पहिल्या दिवशीच्या नोंदीपेक्षा तिकडची जागा तेवढीच घटली होती. भिंतीला तडा नाही, नळाला गळती नाही.

मालकाला एकट्याला गाठलं.

"तुमचं घर हलतंय."

तो कांदा चिरत राहिला. "खोलीत तुम्हाला काही त्रास?"

"नाही."

"मग झालं तर."

चौथ्या दिवशी वीस.

पाचव्या दिवशी बशा इतका वेळ वाजल्या की धाकटीने आपला कप दोन्ही हातांनी दाबून धरला. म्हातारीने डोळे मिटले होते. थोरलीने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"अजून थोडंसंच," मालकीण म्हणाली. माझ्याशी नव्हे.

बशा थांबल्या.

मी बाहेर धावलो. भिंत हद्दीच्या चार बोटं मागे उभी होती. तिच्यापुढे मातीचा उघडा पट्टा, गवताची काडीही नसलेला.

जे मोजलं ते अहवालात लिहिलं: घराला बाधा नाही. खाली सही करताना मला चक्क अभिमान वाटला, जणू मीही त्यांच्यातलाच.

निघताना मात्र राहवेना. त्या बाजूला अजून ऊन आलं नव्हतं. भिंतीवर तळवा टेकवला, तर ती कोमट होती.

तळव्याखाली ती किंचित वर आली. खाली गेली.

पुन्हा वर.

धाकटी दारात उभी होती.

"काका, हात काढा," ती हळूच म्हणाली. "दमलंय ते."