घाबरलेल्या आवाजाचा भाव

हळदीच्या बांधावर उभी राहून सत्यभामा मुटकुळेने फोनला विचारलं, "चाळीस क्विंटलचं भावकवच केवढ्याला?"

"क्विंटलमागे नऊशे रुपये, ताई," फोनमधला गोड आवाज म्हणाला.

शेजारच्या सरीत तिची जाऊ अनुसया हिनेही तेच विचारलं. तिला चारशे सांगितले.

भावकवच गावाला नवं नव्हतं. आधी शुल्क भरायचं. काढणीनंतर भाव चौदा हजारांखाली घसरला, तरी कंपनी चौदा हजारांनी माल घेणार. चढला तर खुशाल बाजारात विकायचा. यंदा मात्र कंपनीने त्याला 'मनकवडी' नावाचं फोनवर बोलणारं यंत्र जोडलं होतं. बोलण्यातला कंप आणि श्वास मोजून ही मनकवडी माणसाची भीती ओळखायची. दोन वर्षांपूर्वी भाव कोसळला, तेव्हा कवच न घेतलेल्या सत्यभामाला अर्धं रान बटाईने द्यावं लागलं होतं. तेव्हापासून भाव विचारताना तिचा आवाज कापायचा.

ती तडक कंपनीच्या केंद्रावर गेली.

"घाबरलेला माणूस जास्त पैसे द्यायला तयार असतो, ताई," अधिकारी देवळे शांतपणे म्हणाले. "करारात तसं लिहिलंय."

"आणि आमच्या गावच्या गजाननभाऊंना तुमची मनकवडी कवच घेऊच नका म्हणाली, ते?"

"गेल्या वर्षी भाव चढला. शुल्क वाया गेलं, ही त्यांची रुखरुख. यंत्राने फक्त आठवण करून दिली."

"म्हणजे भाव पडला, तर त्यांचा माल घ्यायला नको! मी हळद विकायला काढलीय, देवळेसाहेब. माझी भीती विकायला नाही काढली!"

तिने भिंतीवरचा करार शब्दन् शब्द वाचला. गावातल्या बायकांच्या गटाच्या वतीने कोणीही एक सभासद बोलू शकत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गटातल्या एकशे बारा जणी पिठाच्या गिरणीपुढे जमल्या. गजाननभाऊंची बायकोही आली होती. गिरणीवाली रजियाआपा गटाची सभासद होती, पण तिच्याकडे हळदीचं एक रोपही नव्हतं. सत्यभामाने फोन तिच्या हातात दिला.

"तीन हजार क्विंटल. बोल, केवढ्याला?" गिरणीचा पट्टा सारखा करत रजियाआपाने विचारलं.

"दोनशे दहा रुपये, ताई."

"पक्कं कर."

करार झाला. बायकांनी एकच गलका केला. तेवढ्यात फोन पुन्हा बोलला, "रजियाताई, तुमच्या मागे आणखी किती जणी आहेत?"

सत्यभामाने फोन घेतला. या वेळी तिचा आवाज कापला नाही.

"सगळं गाव आहे. आता सांग, तू कुणाला घाबरलीस?"