गोल घरातली दहा मिनिटं

जगन्नाथ नागपूरहून मुलीकडे, अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज या गावी आले, त्याला तीन आठवडे झाले होते. नीला दिवसभर युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये असे. एका शनिवारी ती त्यांना दोन तासांवरचं म्युझियम दाखवायला घेऊन गेली. हजार वर्षांपूर्वीचं आयरिश खेडं तिथे उघड्या माळावर नव्याने उभारलं होतं. मातीचा गोल बांध, आत कुडाच्या भिंतींची, गवताने शाकारलेली गोल घरं.

निघण्यापूर्वी तिने त्यांच्या दंडावर शुगरचा नवा सेन्सर लावला होता. तो चौदा दिवस चालायचा, आकडे तिच्या फोनवर यायचे.

शेवटच्या घरात चूल पेटलेली होती. धुराने नीलाला खोकला येऊ लागला.

"तुम्ही बघून या बाबा, मी इथेच आहे."

"थांब तू. आलोच मी," म्हणत जगन्नाथ वाकून आत गेले. अकरा वीस झाले होते.

साडेअकराला तिचा फोन वाजला. सेन्सरची मुदत संपली होती. नवा लावा, असं स्क्रीनवर आलं.

काहीतरी बिघाड असेल, असं म्हणत ती त्यांना सांगायला आत गेली. चुलीपाशी कुणी नव्हतं. भिंतीला हात लावून तिने पूर्ण फेरी मारली आणि पुन्हा त्याच दाराशी आली. दुसरं दार नव्हतं.

ती बाहेर येऊन वळली, तर जगन्नाथ दारात उभे.

सकाळी गुळगुळीत केलेल्या गालांवर पंधरवड्याची पांढरी दाढी होती. स्वेटरला धुराचा आणि आंबट दुधाचा वास येत होता.

"कुठे होतात बाबा?"

"आतच. पहिले दोन-तीन दिवस खूप हाका मारल्या." त्यांचा आवाज शांत होता.

"मला नाही ऐकू आल्या."

"तिला आल्या. चौथ्या दिवशी आली ती."

"कोण?"

ते तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

त्यांचा दंड धरून नीला पार्किंगपर्यंत आली. तिने पुढचं दार उघडलं. ते मागे जाऊन बसले.

गाडी हायवेला लागली. सोमवारी सकाळी डॉक्टरांना फोन करायचा, असं तिने मनाशी ठरवलं.

बऱ्याच वेळाने मागून, परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीने, ते म्हणाले,

"जेवणाच्या वेळेपर्यंत परत सोडाल ना मला? नीला चुलीपाशी थांबली असेल."