कॅरडाइन हॉलचे पिवळे खांब

लेडी कॅरडाइन यांनी पाहुण्यांना ‘बसा’ असेही म्हटले नाही.

“तळ्याकाठच्या मंदिरातून मिनर्व्हा देवीच्या पुतळ्याचं मस्तक गेलंय. दीडशे वर्षांपूर्वी हे घर बांधणाऱ्या आमच्या पूर्वजांनी, सर जोसायांनी, रोमहून आणलेलं. दुपारी संग्रहालयाची मंडळी ते पाहायला येतायत. मंदिराची किल्ली आमच्या मिसेस हिब्सकडे असते. सगळ्या नोकरांसमोर मी तिला चोर म्हटलंय. जेवणानंतर हवालदार येईल. तुम्ही फक्त मस्तक शोधा, मिस थर्लो.”

“चोर ठरवूनच बोलावलंत, बाईसाहेब?” खासगी तपासनीस मिस थर्लो यांनी शांतपणे विचारले.

त्यांचे सहकारी कॅप्टन पेजेट दालनातील ओल्या फरशीवरून घसरता घसरता वाचले आणि पिवळ्या खांबाला टेकून उभे राहिले.

“रात्री पाऊस झाला का हो?”

“थेंबही नाही. इतके दिवस गोठवणारी थंडी होती, कालपासून दमट वारा सुटलाय. अशा वेळी थंड दगडाला घाम सुटतो. आणि टेकू नका! इटलीतल्या सिएनाचा संगमरवर आहे. बैलांनी ओढत आणलाय. या घराण्यात कुणी त्याला बोटसुद्धा लावत नाही.”

कॅप्टन ओशाळून दूर झाले. त्यांनी कोटाची पाठ झटकली. कोटाला काहीच लागले नव्हते.

डाव्या ओळीत जितके खांब, तितकेच उजव्या ओळीत, वर घुमट. सर जोसायांनी मोठ्या ऐटीत बांधलेले ते घर आजही तितक्याच ऐटीत उभे होते.

दालनाच्या दाराशी कारभारीण मिसेस हिब्स सामान बांधून उभ्या होत्या.

“किल्ली भांड्यांच्या खोलीत खिळ्याला असते, बाई. कुणीही घेईल. मी सकाळभर फरशीवर तरटं अंथरत होते, कुणाची कंबर मोडू नये म्हणून. न्याहारीच्या सुमाराला जाइल्ससाहेबांचा कोट तेवढा वाळत घातला. उजवी बाही कोपरापर्यंत चिंब होती.”

लेडी कॅरडाइन यांचा पुतण्या जाइल्स खळखळून हसला.

“हिब्सबाईंचा कोटावर डोळा आहे होय? अहो, न्याहारीची वाट पाहत इथंच खांबाला कोपर टेकून उभा होतो. काकू झोपल्या होत्या म्हणून धीर केला! संगमरवराला पाणी सुटलेलं, भिजली बाही. बाहेर पाऊलही टाकलं नाही मी.”

मिस थर्लो यांनी कॅप्टनना बाजूला घेतले. “मंदिराच्या पायरीशी जा. पायरीखाली, पाण्यात हात घालून चाचपा.”

“या थंडीत? तुम्हाला माझ्याशी वैर आहे का?”

“जपून जा. काठ निसरडा असेल.”

कॅप्टन गेल्यावर त्यांनी लेडी कॅरडाइन, जाइल्स आणि मिसेस हिब्स यांना खांबापाशी बोलावले. टिपकागदाचा एक तुकडा फरशीवर दाबला; तो ओला झाला. दुसरा खांबावर दाबला. तो कोरडाच राहिला.

“फरशी खरा दगड आहे, म्हणून तिला घाम आला. खांबांना आला नाही. आत विटा, वरून गिलावा. जिप्समच्या भुकटीत रंग आणि सरस कालवून, घासून घासून चढवलेली झिलई. थंड दगडासारखं त्यावर पाणी साचत नाही. कॅप्टनांचा कोट टेकूनही कोरडा राहिला, तेव्हाच शंका आली. मिस्टर जाइल्स, तुम्ही या खांबाला कधी टेकलाच नाहीत. टेकला असतात, तर हे खोटं सुचलंच नसतं.”

“पण… तो संगमरवर आहे!” जाइल्स ओरडला. “लहानपणापासून ऐकतोय मी!”

“ऐकत आलात, हात लावला नाहीत. पाऊस नव्हता. एकच बाही भिजली, तीही कोपरापर्यंतच. मग हात पाण्यात बुडाला असणार, आणि मंदिराच्या पायरीशी तळं आहे.”

दारात कॅप्टन उभे होते. बाही गळत होती. कवेत शेवाळ चिकटलेली मिनर्व्हा होती.

“सापडली,” दात वाजवत ते म्हणाले. “आणि मला पडसंही सापडणार.”

“ते विकत घ्यायला एक गिऱ्हाईक येणार होतं,” जाइल्स पुटपुटला. “काकू, मी—”

“गप्प बस.” लेडी कॅरडाइन खांबाजवळ गेल्या. आयुष्यात प्रथमच त्यांनी त्यावर तळहात ठेवला.

“म्हणजे हे बैलांनी ओढून आणलं नाही,” त्या म्हणाल्या. “इथल्याच माणसांनी इथंच घडवलं. आणि दीडशे वर्षं आम्हालाही ओळखू आलं नाही!” त्यांची मान अधिकच ताठ झाली. “दुपारच्या मंडळींना मी हेच दाखवीन आधी. हिब्स, ते सामान सोड.”

“नाही, बाईसाहेब.”

“नाही?”

“चोर म्हणालात ते सगळ्यांसमोर. आता कोपऱ्यात कुजबुजून भागायचं नाही.”



लेडी कॅरडाइन यांनी स्वतः घंटा वाजवली. स्वयंपाकघरातून, तबेल्यातून, बागेतून माणसे आली आणि दालनात दाटीवाटीने उभी राहिली.

“मिसेस हिब्स प्रामाणिक आहेत,” घुमटाखाली आवाज घुमला. “चूक माझी. ती मी तुम्हा सगळ्यांसमोर मान्य करते.”

मिसेस हिब्स यांनी मान किंचित झुकवली.

“मग जेवणाचं बघते,” त्या म्हणाल्या.