शेवटचा रकाना

हे खरं घडलंय. पटलं तर बघा, पण क्षिप्रा माझी सख्खी चुलत बहीण आहे आणि तिला थापा मारायची सवय नाही.

गेल्या वर्षीचा पितृपक्ष. दुपारचे तीन. खोपटचं तिचं घर.

तिचा भाऊ साकेत मानपाड्याच्या हॉस्पिटलमध्ये नऊ दिवस बेशुद्ध. डॉक्टरांनी हात टेकलेले. त्याच्या आईने, म्हणजे माझ्या काकूने, एकच धोशा लावलेला. "धोंडीबांचं कधी श्राद्धच झालं नाही गं. गेले कधी तेच माहीत नाही. तारीख शोध कुठूनतरी!"

धोंडीबा आमचे पणजोबा. १९३१ साली कोलशेतच्या मिठागरावर कामाला गेले, ते परतलेच नाहीत.

क्षिप्राचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. पण भाऊ असा पडलेला... माणूस वाट्टेल ते करतं. वंशावळीची एक साइट आहे, जुनी मृत्यूची रजिस्टरं स्कॅन करून टाकलेली. ती त्यावर शोधत बसली.

धोंडीबांचा मृत्यू कुठेच नव्हता.

नाव मात्र होतं...

१९४६. पणजी गेली. शेवटचा रकाना, खबर देणारा: धोंडीबा. पुढे अंगठा.

१९७१. आजोबा गेले. खबर देणारा: धोंडीबा.

१९९८. तिचे बाबा. खबर देणारा... धोंडीबा. तेव्हा ते एकशे आठ वर्षांचे असते!

मग तिने तारखा पाहिल्या. तिन्ही वेळा खबर मृत्यूच्या आदल्याच दिवशी दिलेली.

तेवढ्यात हॉस्पिटलमधून काकूचा फोन.

"अगं, आपल्यातलं कुणी म्हातारं येणार होतं का? धोतर नेसलेले, पायांना मीठ लागलेलं. साकेतचं पूर्ण नाव विचारून गेले."

"तू सांगितलंस?"

"सांगितलं की. का गं?"

उद्या... म्हणजे उद्या साकेत!

साइटवर नवी नोंद टाकायची सोय होती. क्षिप्राने रडत रडत धोंडीबांचा मृत्यू स्वतःच नोंदवला. तारीख आजची. "मेलात तुम्ही! सोडा माझ्या भावाला!" शेवटचा रकाना भरल्याशिवाय फॉर्म जाईना. तिथे तिने आपलं नाव घातलं.

दुसऱ्या दिवशी साकेतने डोळे उघडले, पाणी मागितलं. आम्ही पेढे वाटले.

क्षिप्राने पुन्हा साइट उघडली. तिन्ही पानांवर, त्याच जुन्या शाईत... खबर देणारी: क्षिप्रा.

वर्षभर ती हे कुणाशी बोलली नाही. मला आज सकाळी फोनवर सांगितलं, तेही मी खोदून विचारलं म्हणून.

कारण काल दुपारी ती न कळवता आमच्याकडे आलेली. बसली नाही. पाणीही घेतलं नाही. "काकांचं पूर्ण नाव काय रे?" एवढंच विचारलं. मला हसू आलं. सांगून टाकलं. आपलीच बहीण ना!

आज ती म्हणते, "अरे, मी दोन दिवस तापाने पडलेय. घराबाहेर पाऊल टाकलं नाही."

मी फोन ठेवला.

बाबा आत पेपर वाचतायत. मी दारातच बसलोय. त्यांच्यावरची नजर हलवायची माझी हिंमत होत नाही.