सव्वीस नंबरच्या खांबापाशी

बफेलोत हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात. ते गाड्यांच्या चाकांबरोबर पार्किंगच्या मजली गॅरेजात येतं, पाण्यातून काँक्रीटमध्ये मुरतं आणि आतल्या सळया खातं. तीस वर्षं मी हेच तपासतोय. त्या दिवशीही डोक्यात एवढंच होतं, की चारच्या आत उरकायचं आणि घर गाठायचं.

आमची रीत अशी. वरच्या मजल्यावर मी फरशीवरून साखळी ओढत जायचं. काँक्रीट धड असेल तर खणखणीत आवाज, आत पोकळ असेल तर बद्द. खालच्या मजल्यावरून मर्ल हातोडीने तेच छत तपासायची. पोकळ लागलं की तिने दोन ठोके द्यायचे आणि मी वर खडूने खूण करायची. मर्ल माझी कामातली जोडीदारीण. तोंडाची फटकळ, पण कानाची पक्की.

सव्वीस नंबरच्या खांबापाशी साखळी छान खणखणली. तरी खालून दोन ठोके. पुन्हा ओढली. पुन्हा दोन ठोके... घाईघाईने, जवळजवळ चिडून. माझंही डोकं फिरलं. बरोबर त्याखाली वर्नाची खोली होती. वर्ना तिथली रखवालदारीण, नवरा गेल्यापासून एकटी. इथे पोकळ म्हणून लिहिलं की खोली बंद, आणि मालकाला तिला काढायला निमित्तच हवं होतं.

तणतणत खाली गेलो. मर्ल पार पलीकडच्या टोकाला शिडीवर.

"सव्वीसपाशी काय लावलंयस मघापासून?"

"मी अजून तिकडे आलेच नाही, स्टॅन."

धावत वर्नाच्या खोलीत गेलो, मर्ल मागोमाग. वर्ना कोबीचं सूप पीत बसली होती. वर बघत म्हणाली, "सकाळपासून ठोकताय बाबांनो. सुखाने दोन घास खाऊ द्या."

आम्ही आलो होतो बारा वाजता.

बाहेर चल म्हटलं, तर माझ्या पोटावर पाय द्यायला आलास म्हणून भांडायला लागली. शेवटी दंड धरून ओढलीच. दहा पावलं गेलो असू, मागे खाटेएवढा छताचा तुकडा तिच्या खुर्चीवर कोसळला. ओल्या गंजाचा वास सुटला. लोंबणाऱ्या सळया काडीएवढ्या उरल्या होत्या.

वर्ना मला घट्ट धरून रडत होती. धूळ बसली. आणि मग आमच्या डोक्यावर, अगदी हलकेच... दोन ठोके.

मर्लची हातोडी मर्लच्या हातात होती. आणि वरचा मजला रिकामा.

आम्ही उभे होतो त्या दहा पावलांवरच्या जागी मी सहा वेळा मोजणी केली. यंत्र म्हणतं, सळया नव्यासारख्या. तरी जागा बंद ठेवा म्हणून लिहिलं. साहेब म्हणाले, आकड्यांत दाखव. आकडे कुठून आणू?

वर्नाची नोकरी राहिली, त्यामुळे ती खूश आहे. जुनी खोली पाडली. सोमवारपासून तिची नवी खुर्ची दहा पावलं अलीकडे मांडलीय.