पिशवीतला चौथा मणका

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय, आणि मावशी थापा मारणाऱ्यांतली नाही.

रात्र नव्हती. भर दुपार होती. मेडिकल कॉलेजातला शरीररचनेचा हॉल. दिवे चालू, पंखे चालू, दाराबाहेर पोरींची कुजबुज.

मावशीची तोंडी परीक्षा होती.

बाहेरून आलेल्या परीक्षक सरांना मुलं 'करवत' म्हणायची. समोरच्याला कापल्याशिवाय उठत नसत. त्यांची मान वळायची नाही. बाजूला बघायचं तर अख्खं धड वळवावं लागे. मागच्या वेळी त्यांनीच मावशीला नापास केलं होतं. या वेळी ती मान मोडून अभ्यास करून आली होती.

सरांनी टेबलावर कापडी पिशवी ठेवली.

"बघायचं नाही. हात घाल, मणका ओळख, कारण सांग."

पहिला लहानसा लागला. दोन्ही बाजूंना छिद्रं, मागचं टोक दुभंगलेलं.

"मानेचा, सर. छिद्रांतून मेंदूकडे रक्तवाहिनी जाते."

"पुढे."

याचा मागचा काटा लांब, खाली झुकलेला. बाजूला गुळगुळीत खळगे.

"छातीचा. खळग्यांत बरगड्या टेकतात."

"पुढे."

हा जाडजूड. ना छिद्रं, ना खळगे. काटा कुऱ्हाडीच्या पात्यासारखा रुंद.

"कंबरेचा."

सर पुढे झुकले. आवाज एकदम मऊ झाला.

"अजून एक आहे."

मावशीने हात घातला.

हा मणका... कोमट होता.

"सर, हा..."

"ओळख."

"नुसतं कडं आहे. मधलं अंगच नाही. वर दोन उथळ वाट्या... कवटी टेकायच्या. मानेतला सगळ्यात वरचा मणका, सर."

"कुणाचा?"

"म्हणजे?"

"कुणाचा, ते विचारतोय."

कडं तिच्या बोटांवर आवळलं.

तिने हात ओढला. निघेना. पिशवीच्या तळातून दातासारखं काहीतरी वर आलं... आणि कड्यात घुसलं. तिला कळलं, हा दुसरा मणका. याच दातावर पहिला फिरतो, म्हणून माणसाची मान वळते.

कडं फिरू लागलं. बोटांसकट. डावीकडे... उजवीकडे...

"सर, सोडवा ना!"

सर हसत होते.

"घेतलास ना हातात? आता तुझा."

तिच्या मानेत 'कट्' असा आवाज झाला. हात मोकळा झाला.

किंकाळी ऐकून कॉलेजच्या मॅडम धावत आल्या. त्यांनी पिशवी टेबलावर उलटी केली.

तीनच मणके.

"पिशवी मीच भरली होती. तीनच ठेवले होते," मॅडम म्हणाल्या. "घाबरलीस, बाळ. होतं असं."

सर उठले. दारापाशी पोचले... आणि खांद्यावरून त्यांनी मावशीकडे बघितलं. धड दाराकडेच. वळली ती फक्त मान.

मावशी पास झाली. पण त्या दिवसापासून तिची मान वळत नाही.

एक्स-रे काढला. काढणारी तिची मैत्रीणच. तिने फिल्म दोनदा उजेडात धरून पाहिली. मग म्हणाली, "मोडलेलं काही नाही गं. फक्त वरचा मणका... तुझ्या मापाचा वाटत नाही. एखाद्या दांडग्या पुरुषाचा असावा तसा."

आज मावशी नावाजलेली डॉक्टर आहे. मान तिच्या इच्छेने वळत नाही, पण कधीकधी आपली आपणच वळते. पेशंट विचारतो, "बरा होईन ना?" मावशी तोंडाने "होणार की!" म्हणते... आणि मान सावकाश नकारार्थी हलते.

त्या पेशंटांचं पुढे काय होतं, ते ती कधीच सांगत नाही.

माझ्या आईचं ऑपरेशन ठरलंय. परवा आईने हसतच विचारलं, "काय गं डॉक्टरीणबाई, उठेन ना मी यातून?"

मावशीने चटकन दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं गच्च धरलं.

"उठशील, ताई," ती म्हणाली. "नक्की उठशील."

आई हसली. तिला वाटलं, थट्टा चाललीय.

मी मावशीच्या शेजारीच बसले होते. तिच्या हातांच्या शिरा तटतटून फुगल्या होत्या... आणि तेवढं धरूनही डोकं तिला आवरत नव्हतं.