जिन्याखालचे काका

माझ्या थोरल्या लेकीला जुळी झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. घरात कुणाचीच झोप धड होत नव्हती. मी एका रेडिओ स्टेशनची गाडी चालवायचो आणि माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, त्याच स्टेशनवर दुपारी तासभर लोकांशी भांडायचा. त्याला सगळे तोफ म्हणायचे. लोक फोन करून पाण्याचा, रस्त्याचा, सुनेचा, कसलाही विषय काढायचे आणि तो त्यांना सोलून काढायचा. शेवटी ‘ठेवा फोन’ म्हणून लाइन तोडायचा.

लोकांना हे आवडतं तरी का, असं मी एकदा कोपऱ्यावरच्या शिंप्याला विचारलं. तो मशीन न थांबवता म्हणाला, दिवसभर गिऱ्हाइकांपुढे मान डोलवून माझी मान दुखते, माझ्या वतीनं कुणी ओरडत असेल तर ओरडू दे की. शिवाय भांडण दुसऱ्याच्या घरचं असलं की दोन घास जास्त जातात.

पण चांगला भांडणारा रोज मिळत नाही. कुणी दुसऱ्याच वाक्याला रडतो, कुणी लगेच माफी मागतो. अशा दिवसांसाठी स्टेशननं काही जणांना वाक्यं लिहून देऊन पाहिली. ते वाचताहेत हे ऐकणाऱ्याला लगेच कळायचं. मी लिहायला-वाचायला शिकलो तेच चाळिशीनंतर. कागद हातात आला की माझी जीभ अडखळते, नसला की कुणाच्या बापाला ऐकत नाही. म्हणून मेहुण्यानं मला शेजारच्या खोलीत फोनवर बसवलं. म्हणाला, दाजी, बाहेर बोलता तसंच बोला, फक्त ताईसमोर बसता तसं गप्प बसू नका.

मी एक म्हातारा उभा केला. जिन्याखालच्या खोलीत राहणारा. डोक्यावरून दिवसभर लोकांची पावलं जातात म्हणून जगावर चिडलेला. आवाज नाकातला, वाक्याच्या शेवटी बारीक खोकला, आणि काही झालं तरी हार न मानणारा. लोक खूश झाले. जिन्याखालचे काका आज येणार का, असं विचारायला फोन यायला लागले.

पुढे मेहुण्याचा चेहरा उतरत गेला. डॉक्टरांनी त्याला सांगितलं की हृदय दमलंय, ओरडणं बंद करा. बायकोनं त्याला घरी बोलावून समजावलं. तो कंटाळून म्हणाला, सोडतो, मलाही आता नको झालंय, पण काकांना एकदा हरवून सोडतो. हरलेली तोफ म्हणून घरी बसणार नाही.

बायको माझ्याकडे वळली. “मग हरा की उद्या. तुमच्या घरचं काय जातंय?”

मी हो म्हटलं. पण सकाळी उठलो तर घसा पार बसलेला. तोंडातून नुसती हवा. दुपारी मी गरम पाण्याचा पेला घेऊन स्टुडिओच्या काचेबाहेर उभा राहिलो. तिथं फोनच्या लाइनी सांभाळणारी बाई बसायची, तिला आम्ही बटणवाली म्हणायचो. तिनं एक फोन आत दिला.

“तोफसाहेब, काका बोलतोय,” आवाज आला. नाकातला. मागोमाग बारीक खोकला.

मेहुणा हसला आणि तुटून पडला. त्याला वाटलं मीच आहे. मग त्याची नजर काचेकडे आली. मी तोंड मिटून उभा होतो. तो क्षणभर थांबला, पण सवयीनं पुढे बोलत गेला.

मला दुसरंच ऐकू येत होतं. काकांच्या आवाजामागे पावलं वाजत होती. लाकडी जिन्यावरून कुणी उतरत होतं, कुणी चढत होतं. पावलांबद्दल मी फक्त बोलायचो. ती वाजवायचं मला कधी सुचलं नव्हतं.

मेहुण्यानं ‘ठेवा फोन’ म्हटलं. बटणवालीनं बटण दाबलं, दिवा विझला. काका बोलतच राहिले. तिनं वायर उपसली. हातातल्या वायरकडे बघत ती मला हळूच म्हणाली, “ही माझ्याकडची लाइनच नाहीये हो.”

त्यानंतर ते काका रोज आले. स्टेशनचा मालक भलताच खूश होता, एवढे ऐकणारे कधी मिळाले नव्हते म्हणे. बायकोनं भावाला हातापाया पडून सांगितलं की जाऊ नकोस. तो म्हणाला, आता उठलो तर पळालो म्हणतील. घरी सोडताना तो गाडीत डोळे मिटून बसायचा.

“दाजी, तुम्हीच ना?” त्यानं एकदा विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली.

“तुम्हीच असता तर बरं झालं असतं,” तो म्हणाला.

एका गुरुवारी माझा आवाज परत आला. मी कुणाला न सांगता शेजारच्या खोलीत गेलो आणि कार्यक्रम सुरू होताच फोन धरला. त्या काकांचा आणि मेहुण्याचा वाद थोडा चालू दिला. मग काकांच्या आवाजात म्हटलं, “जाऊ द्या साहेब. मी हरलो. तुमचं खरं.”

मधल्या काचेतून मेहुणा दिसत होता. त्याचे खांदे खाली आले. त्यानं माझ्याकडे बघून हात जोडले. कितीतरी दिवसांनी त्याचा चेहरा मोकळा दिसला.

तेवढ्यात पावलं वाजली.

“मी कुठं हरलो?” काका म्हणाले. “हा कोण मधेच बोलतोय?”

मेहुण्यानं जोडलेले हात सुटे केले. माइक जवळ ओढला.

मी काचेवर थापा मारल्या. नको, नको म्हणून मान हलवली. तो ओरडत होता. मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या.

मग तो थांबला. डोकं टेबलावर टेकलं.

मी धावत आत गेलो. त्याला हलवलं. बटणवाली डॉक्टरांना बोलवायला पळाली.

काका बोलतच होते. आता त्यांचा आवाज खाली आला होता. एक वाक्य बोलायचे आणि थांबायचे. समोरच्याला बोलू द्यायला माणूस थांबतो, तेवढंच.

“हं,” ते म्हणायचे. “बरं. पुढं?”

पुन्हा थांबायचे. जिना आता वाजत नव्हता.

“असं होय,” काका म्हणाले. “मग तुमचंच खरं. चला.”

माझा मेहुणा त्या गुरुवारी दुपारी वारला. दोन वाजायचे होते.